विचारांचा वेग
वस्तीत लाऊडस्पीकर, घरात टीव्ही. तरी अभ्यासाला बसलेल्या मुलांना खरा त्रास डोक्यातल्या गोंगाटाचा होतो, असे आम्हांस वाटते. मज्झिम निकायातील २० व्या, वितक्कसण्ठान सुत्तात भगवान बुद्धांनी भिक्खूंना त्यावर पाच उपाय सांगितले आहेत. सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो, तसा अकुशल विचार कुशल विचाराने काढावा, हा पहिला. आम्हांस चौथा अधिक जवळचा. घाईने चालणारा माणूस स्वतःलाच विचारतो, एवढी घाई कशाला? मग तो सावकाश चालतो, थांबतो, बसतो, शेवटी आडवा होतो. विचारांचा वेगही असाच, त्याचे मूळ पाहत, पायरीपायरीने उतरवायचा. दात आवळून मनाला दाबणे हा उपाय पाचवा, अगदी शेवटचा. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण मात्र नेमकी तिथूनच सुरुवात करतो!