टेलिस्कोप नंतर, आधी बायनॉक्युलर

लेमन धूमकेतू २०२५ च्या दिवाळीत येऊन गेला. २१ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तो पृथ्वीपासून सर्वांत कमी, म्हणजे सुमारे नऊ कोटी किलोमीटर अंतरावर होता आणि चंद्राचा अडथळाही नव्हता. तरीही ‘नुसत्या डोळ्यांनी दिसणार’ या भरवशावर शहरातल्या गच्चीवर गेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलं नसणार. चौथ्या प्रतीच्या आसपासचं ते धूसर तेज सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे खाली कललेलं होतं. संधिप्रकाश, फटाक्यांचा धूर आणि रस्त्यावरचे एलईडी दिवे यांच्यापुढे त्याचा निभाव लागणं कठीणच होतं. साध्या बायनॉक्युलरमधून मात्र तो ओळखू येण्याजोगा होता. अशा बातम्यांनंतर घरोघरी मुलांसाठी टेलिस्कोप घ्यायचा विषय निघतो. माझं म्हणणं असं, की पहिले पैसे बायनॉक्युलरवर खर्च करावेत, आणि सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्यांनी तर नक्कीच करावेत.

बायनॉक्युलरवर ‘१० × ५०’ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुकानात सगळे पहिल्या आकड्याला भुलतात. आकाशासाठी दुसरा महत्त्वाचा. अंधारात आपली बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, म्हणजे ५० मिलिमीटरचं भिंग तिच्यापेक्षा पन्नासेक पट प्रकाश गोळा करतं. हा प्रकाश डोळ्यात शिरतो किती, हे दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की कळतं. ७ × ५० मधून सात मिलिमीटर जाडीचा झोत बाहेर पडतो, १० × ५० मधून पाच. चाळिशी-पन्नाशीनंतर बाहुली बहुधा पाच-सहा मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे ७ × ५० मधला बराच प्रकाश बाहेरच राहतो. शिवाय शहराचं उजळलेलं आकाश त्यातून आणखी पांढुरकं दिसतं. म्हणून सात रस्ता किंवा जुळे सोलापूरच्या गच्चीवरून पाहणाऱ्यानं १० × ५० घ्यावी. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडच्या रानात, अंधाऱ्या रात्री पाहणाऱ्या तरुण डोळ्यांना ७ × ५० अधिक सुख देईल. ऑनलाइन दिसणारे ‘१८० × १००’सारखे आकडे खोटे असतात, आणि लाल-नारिंगी चकाकणाऱ्या भिंगांच्या वाटेला जाऊ नये. विकत घेण्यापूर्वी लांबच्या विजेच्या खांबाकडे पाच मिनिटं पाहावं. प्रतिमा दुहेरी वाटली किंवा डोळे ताणल्यासारखे झाले, तर दोन नळ्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. ती वस्तू परत ठेवावी. चष्मा लावून पाहणाऱ्यांनी डोळा भिंगापासून दीडेक सेंटिमीटर दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसतं का, तेही तपासावं.

कमी पटीच्या साधनानं काय साधतं, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे इंग्लंडमधल्या पीटरबरोचे शाळामास्तर जॉर्ज अल्कॉक. १९५९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पाच दिवसांच्या अंतरानं दोन धूमकेतू शोधले. पुढे आणखी तीन धूमकेतू आणि पाच नवतारे त्यांच्या नावावर जमा झाले. यामागचं रहस्य भिंगात नव्हतं. बायनॉक्युलरमधून दिसणारे तीस हजारांहून अधिक तारे त्यांनी आकृत्यांसकट पाठ केले होते. त्या विणीत एखादा परका ठिपका आला की तो त्यांच्या नजरेला लगेच टोचायचा. १९८३ च्या मे महिन्यात घरात, बंद खिडकीच्या काचेआडून, १५ × ८० बायनॉक्युलरनं त्यांनी एक धूमकेतू पाहिला. आयरास उपग्रहानं तो आठवडाभर आधी टिपला होता, जपानच्या अराकींनीही तो स्वतंत्रपणे शोधला होता. धूमकेतूला तिघांचीही नावं मिळाली. अब्जावधींच्या उपग्रहाशेजारी खिडकीतल्या मास्तरांचं नाव लागलं, ही गोष्ट मला खगोलशास्त्राच्या इतिहासातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. तीस हजार तारे कुणीही पाठ करावेत असं नाही. पण आकाशाचा नकाशा डोक्यात बसतो तो रुंद दृश्यामुळे, आणि १० × ५० मधून एका वेळी साधारण साडेसहा अंश, म्हणजे ओळीनं मांडलेल्या तेरा पूर्णचंद्रांएवढं आकाश दिसतं. टेलिस्कोपच्या अरुंद भोकातून नवशिक्याला आपण कुठे पाहतोय हेच उमगत नाही.

याच अल्कॉकना पीटरबरोमधून अगस्त्य तारा कधीच दिसत नव्हता. आकाशगंगेचा मध्यभाग त्यांच्या क्षितिजाच्या जेमतेम आठ-नऊ अंश वर यायचा. सोलापूरचा अक्षांश साडेसतरा अंशांच्या थोडं वर, त्यामुळे तोच मध्यभाग इथे ४३ अंश चढतो. इंग्रजी पुस्तकांत बायनॉक्युलरसाठी दिलेल्या याद्या उत्तरेकडच्या थंड देशांतल्या लोकांनी केलेल्या असतात. आपल्याकडचा निम्मा खजिना त्यांत नसतोच. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ सोलापुरात २५ अंशांपर्यंत येतो. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास तो दक्षिणेला सर्वांत उंच असतो, आणि बायनॉक्युलरमध्ये कापसाच्या बोंडासारखा दिसतो. त्यानंतर वृश्चिकाच्या शेपटीजवळचे तारकागुच्छ वर येतात. उन्हाळ्यात इथली माणसं गच्चीवर अंथरूण टाकतातच. पाठीवर पडून, कोपरं छातीशी टेकवून पाहता येईल असं साधन हे एकच आहे. त्यात पर्जन्यछायेचा प्रदेश, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस.  शेतकऱ्याला छळणारा हा कोरडेपणा आकाश पाहणाऱ्याला निरभ्र रात्री देतो, हे मनाला लागणारं असलं तरी खरं आहे. उन्हाळ्यात धूळ असते, म्हणून मार्गशीर्ष-पौष त्याहून चांगले. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका आणि पुष्य हे चारही तेव्हा बायनॉक्युलरच्या आवाक्यात असतात.

आक्षेप आहेत, आणि रास्त आहेत. शनीची कडी बायनॉक्युलरमध्ये दिसत नाहीत, हे खरंच. पण २०२५ च्या नोव्हेंबरात कडी आपल्याकडे जवळजवळ कडेनं वळलेली होती, त्यामुळे तेव्हा टेलिस्कोपवाल्यालाही बारीक रेघेपलीकडे फार काही मिळालं नसतं. गुरूचे चार चंद्र मात्र हात स्थिर असेल तर १० × ५० मध्ये दिसतात. १० जानेवारी २०२६ ला गुरू मिथुन राशीत सूर्याच्या विरुद्ध बाजूला आला, म्हणजे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तो रात्रभर आकाशात होता. दुसरा आक्षेप हात थरथरण्याचा. कठड्यावर कोपरं टेकवली, खुर्चीत रेलून पाहिलं किंवा बायनॉक्युलर तिवईवर बसवली की तो बराचसा मिटतो. दहापेक्षा जास्त पट असेल तर तिवईशिवाय भागत नाही, म्हणूनच नवशिक्यानं दहावर थांबावं. तिसरा आक्षेप असा, की बायनॉक्युलरच्या दहा-बारा हजारांत टेलिस्कोपही येतो. येतो, पण कसा? खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं असतं. ७० मिलिमीटरच्या भिंगाला १४० पटींच्या पलीकडे काही उपयोगाचं दाखवता येत नाही, आणि त्याचा स्टँड वाऱ्याच्या झुळकीनंही हलतो. निराश झालेलं मूल तो महिन्याभरात माळ्यावर टाकतं.

शाळांनीही हा हिशेब करावा. एका मोठ्या, महागड्या टेलिस्कोपमागे चाळीस मुलांची रांग लागते आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद येतात. त्याच पैशात चार-पाच बायनॉक्युलर घेतल्या आणि पाळीपाळीनं आठवडाभर घरी दिल्या, तर उत्तर सोलापुरातल्या नान्नजचं मूल दिवसा माळरानावरचे पक्षी आणि रात्री मृग पाहील. देताना एकच सूचना कडकपणे द्यावी: सूर्याकडे, उगवत्या-मावळत्यासुद्धा, बायनॉक्युलर कधीही रोखायची नाही, आणि लहान मुलांच्या हाती ती सूर्य पूर्ण मावळल्यावरच द्यायची.