गारगोटीच्या पोटात

नदीपात्रातल्या गोट्यांतून अकीक वेचायचा, तर त्याच्या बाह्यरूपाकडे काणाडोळा करावा लागतो. मातीतून नुकत्याच काढलेल्या बटाट्यासारखा तो मळकट नि खळगे पडलेला असतो. कुठे टवका उडालेला असेल, तर तिथे मेणासारखी चकाकी दिसते. असा दगड ओला करून उन्हासमोर धरावा. पातळ कडेतून उजेड झिरपतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बसलेले पट्टे उमटतात. पट्टे नसतील तर तो नुसता कॅल्सेडनी. आपल्याकडे दोघेही सरसकट गारगोटीच.

शंका उरली तर चाकूचं टोक ओढून पाहावं. कॅल्साइटवर लगेच ओरखडा उठतो, शिवाय आम्लाच्या थेंबाने तो फसफसतो. अकीक ढिम्म! मोहसच्या मापावर त्याचा कठीणपणा 6.5 ते 7. उलट पोलादाचीच करडी रेघ त्याच्यावर उरते.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि काळ्या पाषाणात पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत मुरत गेलं आणि भिंतीपासून आत थरावर थर साचले. मधोमध जागा उरली तिथे क्वार्ट्झचे टोकदार स्फटिक वाढले. हे पट्टे नेमके कसे पडतात, यावर भूशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

रंगावर मात्र जाऊ नये. गुजरातेत राजपिपळ्याजवळच्या रतनपूरचे मळकट पिवळे दगड खंबायतेला जातात, उन्हात वाळतात, मग मडक्यांत भाजले जातात. दगडातल्या लोहाचं हेमाटाइट होतं आणि लालबुंद कार्नेलियन हाती येतो. ही युक्ती हडप्पाकालीन कारागिरांनाही अवगत होती; सिंधू खोऱ्यातले लाल मणी इराकमधल्या ऊरच्या थडग्यांत सापडले आहेत. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनमध्ये तर दगड साखरेच्या पाकात मुरवून गंधकाम्लात टाकतात. आत शिरलेली साखर करपते आणि दगड काळा होतो. प्रदर्शनात मिळणाऱ्या भडक गुलाबी-निळ्या चकत्या बहुधा रंगवलेल्याच. भिंगातून पाहावं, रंग भेगांत जास्त साचलेला असतो.

खंबायतेत मणी घासताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत बसते. सिलिकोसिस हा तिथल्या अकीक कामगारांचा जुना आजार आहे; घराघरांतून घासकाम चालतं, त्यामुळे शेजारी बसलेली पोरंही तीच धूळ श्वासावाटे घेतात.