अख्खे धने, अख्खी मोहरी

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काळ्या रानात रब्बी ज्वारी, हरभरा किंवा करडई यांच्या जोडीने धन्याचे व जवसाचे चार तास घरखर्चासाठी पेरण्याची चाल जुनी आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येस, म्हणजे या भागातील येळवशीस, कुटुंबे शेतावर जेवावयास जातात, तेव्हा वेळेवर पेरलेला धना फुलोऱ्यावर आलेला असतो. पुढे त्याची रास होते आणि वर्षाची बेगमी घरात येते. तथापि घरच्या धन्याला पावसाळा लागताच वास राहत नाही, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. दोष बहुधा पिकाचा नसतो. काढणीचा व लवकर कुटून ठेवण्याच्या सवयीचा असतो.

धन्याचा वास त्यातील उडून जाणाऱ्या तेलाचा होय. हे तेल दाण्याच्या आतील अतिसूक्ष्म नलिकांत साठलेले असते आणि दाणा अख्खा आहे तोवर ते बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. भारतीय धन्यात त्याचे प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही कमी असते. त्यामुळे थोडे उडाले तरी स्वयंपाकात ते लगेच जाणवते. बाजारात टपोऱ्या दाण्याची वाहवा होते खरी, परंतु बारीक दाण्याच्या जातींत तेल सामान्यतः अधिक असते, हे घरासाठी पेरणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. झाडावरील मधले दाणे हिरवे जाऊन पिवळसर होऊ लागले म्हणजे सकाळच्या दवात कापणी करावी. उन्हे चढल्यावर दाणे गळतात. पेंढ्या सावलीत वाळवाव्यात; कडक उन्हात रंग व वास दोन्ही जातात. मळणीनंतर दाण्यातील ओलावा शेकडा दहापेक्षा अधिक नसावा. काळ्या मसाल्यासाठी धने, तीळ, जिरे ही एकत्र भाजू नयेत. दाणा लहानमोठा असल्याने एक कच्चा राहतो व दुसरा करपतो. कांडप यंत्रातून निघालेला मसाला हातास गरम लागतो, त्या अर्थी वासाचा काही भाग तेथेच गेला असे समजावे. वर्षाचे एकदम कुटण्यापेक्षा दोन-दोन महिन्यांचे कुटणे अधिक फायद्याचे ठरते.

मोहरीची गोष्ट निराळी आहे. तिच्या अख्ख्या दाण्यास वास जवळजवळ नसतोच. दाणा फुटून त्यास पाणी लागले म्हणजे आतील विकराच्या क्रियेने नाकास झोंबणारे उग्र तेल नव्याने तयार होते. लोणच्यासाठी मोहरी फेसतात ती याचसाठी. फोडणीत याच्या उलट घडते. कढत तेलात दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन दाणा तडतडतो, त्या उष्णतेने विकर निकामी होते आणि उग्रपणाऐवजी खमंगपणा येतो. अर्धवट तापलेल्या तेलात मोहरी टाकल्यास ती तडतडत नाही, केवळ कडवटते. जिऱ्यास इतकी उष्णता सोसत नाही, म्हणून ते मोहरी तडतडल्यावर घालावे. मेथ्यांचे चारच दाणे पुरतात, आणि ते लाल झाले की काळे होण्यास वेळ लागत नाही. घरोघरच्या स्त्रिया हा क्रम कोणी न शिकविता पाळतात, त्यामागील कारण हे आहे.

जवसाचे तेल फार लवकर खवट होते. जवस अख्खा असता टिकतो. चटणी मात्र आठवड्यापुरतीच करावी. न फुटलेला दाणा बराचसा न पचताच बाहेर पडतो, यास्तव जवस भाजून कुटूनच खावा. लातूर येथील गळीतधान्ये संशोधन केंद्राने या पिकावर काम केले असून ‘एलएसएल-९३’ हा वाण तेथीलच आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन धोके प्रत्येक गावात समजावून सांगणे अगत्याचे आहे. पहिला धोका पिवळ्या धोत्र्याचा. पडीक रानात व बांधावर उगवणाऱ्या या काटेरी तणाचे बी मोहरीसारखेच काळे व गोल असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातील याच्या भेसळीने अंगावर सूज येण्याची साथ पसरली व अनेक माणसे दगावली. ओळख सोपी आहे: मोहरी गुळगुळीत असते, धोत्र्याचे बी खरखरीत. दाणा चिरडून पाहिल्यास मोहरी आतून पिवळी व धोत्रा पांढरा दिसतो. सुटी मोहरी घेताना मूठभर दाणे ताटात पसरून पाहावेत.

दुसरा धोका अधिक जवळचा, कारण तो घरातच असतो. लातूर जिल्ह्यातील कास्ती कोथिंबिरीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोथिंबिरीखालील क्षेत्र वाढेल तशी दुकानातील धन्याच्या बियाण्याची पिशवीही अधिक घरांत येणार. या बियाण्यास पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेले असते व ओळखू यावे म्हणून रंग दिलेला असतो. पेरून उरलेले पावशेर बी ‘वाया कशाला घालवावे’ म्हणून धुऊन मसाल्यात घालण्याचा मोह होतो. धुतल्याने रंग जातो. औषध जातेच असे नाही. असे बी माणसांनी खाऊ नये, कोंबड्यांनाही घालू नये.

घरचे धने पेरावयाचे असल्यास ते हलके रगडून दोन फाकी करावेत व भिजवून पेरावेत, म्हणजे उगवण लवकर होते. बीजप्रक्रिया करावयाची ती लागेल तेवढ्याच बियाण्यास, पेरणीच्या वेळी, आणि स्वयंपाकाच्या भांड्यात कदापि नव्हे. पेरणीचे बी व खाण्याचे धने यांचे डबे वेगळे असावेत. पेरणीच्या डब्यावर लाल खूण करून तो मुलांचा हात पोहोचणार नाही असा माळ्यावर ठेवावा. ती खूण कशाची, हे घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावे.