सहा जणांचं गाणं साठांचं व्हावं

भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गावात सप्ताह बसला, की संध्याकाळी हरिपाठाला माणसं दोन रांगांत समोरासमोर उभी राहतात. मध्ये वीणेकरी आणि पखवाजी, बाकीच्यांच्या हातात टाळ. या रांगेत उभं राहण्यासाठी कुणी आवाजाची परीक्षा घेत नाही. ज्याचा गळा चांगला तो चाल सांगतो, बाकीचे मागे म्हणतात.

याच गावांतली मुलं-मुली पुढे महाविद्यालयात जातात. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवाचे वेध लागले, की ‘समूहगाना’साठी निवड सुरू होते. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात या प्रकाराचा नियम ठरलेला आहे: गाणारे जास्तीत जास्त सहा, साथीला तीन, वेळ दहा मिनिटं. सहा नावं पक्की झाली, की उरलेल्यांचं गाणं तिथेच थांबतं.

स्पर्धेसाठी सहाचा आकडा योग्यच आहे. पण एकत्र गाताना माणसाच्या शरीरात काय घडतं, याचा गेल्या पंचवीस वर्षांत झालेला अभ्यास पाहिला, तर हा आनंद निवडक गळ्यांपुरता ठेवणं म्हणजे बाकीच्या विद्यार्थ्यांचं नुकसान आहे, असंच म्हणावं लागेल.

श्वासाला श्वास जुळतो

मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहा. सावकाश श्वास आत घेताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुण वयात हा फरक बोटांनाही कळतो. मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची चेता हृदयाच्या गतीला लगाम घालते. श्वास घेताना हा लगाम सैल पडतो, सोडताना आवळला जातो.

गाणं म्हणजे लांबवलेला उच्छ्वास. बोलताना आपण कुठेही श्वास घेतो. गाताना मात्र ओळ पुरी होईपर्यंत तो पुरवावा लागतो आणि मग पुढची ओळ सुरू होण्याआधी चटकन भरून घ्यावा लागतो. म्हणजे केव्हा श्वास घ्यायचा हे गाण्याची रचनाच ठरवते. दहा जण एकच गाणं म्हणत असतील, तर दहाही जणांना ती एकाच ठिकाणी श्वास घ्यायला लावते.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्यर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं. त्यांनी अठरा वर्षांच्या १५ मुलामुलींना आधी नुसता एक सूर गुणगुणायला लावला, मग एक स्तोत्र आणि शेवटी संथ मंत्र गायला लावला. त्यांचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जण आपापल्या सोयीने श्वास घेत गुणगुणत होता, तेव्हा हृदयाची गतीही ज्याची त्याची होती. रचनेने श्वास बांधले, तशी गायकांच्या हृदयाची गती एकाच वेळी वाढू आणि एकाच वेळी उतरू लागली. एकाचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्यावर पडत नव्हता. चढउतार मात्र जुळला होता.

त्याआधी २००१ मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांच्या गटाने २३ निरोगी प्रौढांना लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणी पद्मे हूम’ हा मंत्र म्हणायला सांगितला होता. दोन्हींमुळे श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहावर आला. एरवी बसल्याजागी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. या संथ लयीत रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्परतेने काम करताना दिसली.

हे वाचताना आपल्या अभंगाची घडण डोळ्यांसमोर येते. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. हरिपाठही याच छंदात आहे. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्याने तिथे सूर लांबवायला किंवा दम घ्यायला जागा मिळते. शिवाय एका रांगेने म्हणायचं आणि दुसरीने ते उचलायचं, या पद्धतीत प्रत्येकाला आळीपाळीने उसंत असते. तासभर नाचत-गातही टाळकऱ्यांची दमछाक होत नाही, त्यामागे ही बांधणी आहे.

आवाजांचं मिश्रण

दहा जण सारख्याच जोराने गायले, तर आवाज दहापट मोठा ऐकू येत नाही. ध्वनीची पातळी १० डेसिबलने वाढते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. समूहाची खरी कमाई आवाजाच्या पोतात असते. एकाचा सूर २२० हर्ट्झवर आणि शेजाऱ्याचा २२२ वर असेल, तर दोन्ही मिळून सेकंदाला दोन वेळा आवाज हलकासा हेलकावतो. अनेक गळ्यांतले असे बारीक फरक एकमेकांत मिसळले, की एकही आवाज वेगळा ओळखू येत नाही आणि तो भरदार, पसरलेला नाद तयार होतो. म्हणून थोड्याशा कच्च्या सुरालाही समूहात सामावून घेतलं जातं.

स्टॉकहोमच्या योहान सुंदबेरी आणि स्तेन टेर्नस्ट्र्यम यांनी वृंदगायकांच्या आवाजाचा बारकाईने अभ्यास केला. ऑपेरातला गायक वाद्यमेळावर मात करण्यासाठी आवाजातल्या तीन हजार हर्ट्झच्या आसपासच्या भागाला धार देतो. तोच गायक वृंदात उभा राहिला, की ही धार आपोआप कमी करतो. आपला आवाज इतरांपेक्षा सरासरी ६ डेसिबल वर ऐकू आला, तर गायकांना गाणं सोयीचं वाटतं, हेही टेर्नस्ट्र्यम यांनी दाखवलं. स्वतःचं ऐकू येईनासं झालं, की माणूस नकळत ओरडू लागतो. तालमीत मुलं एकमेकांना खेटून उभी असतील, तर त्यांना हातभर अंतरावर उभं करावं. गाणं लगेच सुधारतं.

ऐकणं वेगळं, गाणं वेगळं

जर्मनीत गुंटर क्रॉइट्झ आणि सहकाऱ्यांनी एका हौशी वृंदाला मोत्सार्टची ‘रेक्विएम’ एकदा गायला लावली आणि एकदा नुसती ऐकवली. त्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. गायल्यानंतर लाळेतलं ‘इम्युनोग्लोब्युलिन ए’ हे संरक्षक प्रथिन वाढलं आणि मनही प्रसन्न झालं. नुसतं ऐकल्यावर हे प्रथिन तसं वाढलं नाही. असे प्रयोग छोट्या गटांवर झालेले आहेत. गाण्याने रोग बरे होतात, असा त्यांचा अर्थ काढू नये. पण श्रोता आणि गायक यांच्या शरीराला मिळणारा अनुभव एकच नसतो, हे त्यांतून कळतं.

नव्याने वसतिगृहात आलेल्या मुलामुलींसाठी ऑक्सफर्डचं संशोधन अधिक महत्त्वाचं आहे. आयलुनेड पीअर्स, जॅक लोने आणि रॉबिन डनबार यांनी प्रौढांच्या गायन, हस्तकला आणि लेखन वर्गांतल्या नवख्या मंडळींचा सात महिने मागोवा घेतला. शेवटी सगळ्याच वर्गांत सारखी जवळीक निर्माण झाली, पण गाणाऱ्यांमध्ये ती पहिल्याच महिन्यात आली होती. लंडनमधल्या वृंदांच्या दुसऱ्या अभ्यासात गायनानंतर लोकांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली आढळली. शरीरात एंडॉर्फिन हे वेदना शमवणारं रसायन पाझरल्याची ही अप्रत्यक्ष खूण मानतात. आणि जवळीक सर्वांत जास्त वाढली ती २३२ जणांच्या मोठ्या मेळाव्यात, जिथे बहुतेकांना एकमेकांची फारशी ओळखही नव्हती.

पट्टीचा प्रश्न

मुलामुलींचं एकत्र समूहगान बसवताना पहिली अडचण येते ती पट्टीची. मुलांचा गळा साधारण काळी एक-दोनमध्ये खुलतो, मुलींचा काळी चार-पाचमध्ये. मधली पट्टी धरली, तर मुलांना वरचे सूर ताणावे लागतात आणि मुलींचा आवाज खर्जात हरवतो. पाश्चात्त्य वृंदगानात यावर तोडगा आहे: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार थर करून प्रत्येकाला आपल्या गळ्याला झेपणारी ओळ द्यायची. गोवा विद्यापीठात अँथनी गोन्साल्विस अध्यासनातून सांतियागो लुसार्दी गिरेली यांनी असा वृंद उभा केला. आपल्या गाण्यातही कडवी वाटून, काही ओळी मुलांच्या आणि काही मुलींच्या ठेवून, धृपद सगळ्यांनी मिळून म्हणून हा प्रश्न सुटतो.

वृंद सर्वांचा असावा

स्पर्धेचा सहा जणांचा संघ राहू द्यावा. पण त्याच्या जोडीला प्रत्येक महाविद्यालयात वर्षभर चालणारा, सर्वांना खुला असा गानवृंद हवा. आठवड्यातून एकदा तास संपल्यावर एक खोली, एक हार्मोनियम आणि सूर धरणारा एक जण, एवढ्यावर तो सुरू होतो. अभंग, भीमगीतं, लोकगीतं, सेवा दलाची समूहगीतं यांचा साठा आपल्याकडे भरपूर आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन तालमीआधी आणि तालमीनंतर सर्वांची नाडी नोंदवावी, श्वास मोजावेत; प्रात्यक्षिकासाठी याहून जिवंत विषय शोधून सापडणार नाही. आणि प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात, वर्गात कुणी कुणाला ओळखत नसतानाच ही तालीम ठेवावी. गाण्याने ओळख लवकर होते, हे आता मोजून सिद्ध झालेलं आहे, आणि खेड्यातून एकट्याने आलेल्या मुलाला किंवा मुलीला त्या आठवड्यात सर्वांत जास्त गरज ओळखीचीच असते.