बचावफळीचे मूल्यमापन (फुटबॉल)

बचावफळीचे मूल्यमापन म्हणजे फुटबॉल संघाचा बचाव पूर्वीपेक्षा खरोखर सुधारला आहे का, हे ठरवणे. संघाने स्वीकारलेल्या गोलांची संख्या हे त्याचे सर्वांत परिचित परिमाण होय. परंतु स्वीकारलेला गोल ही केवळ बचावपटूंची जबाबदारी नसते. गोलरक्षक, मधल्या फळीकडून मिळणारे संरक्षण, प्रतिस्पर्ध्याची ताकद, लाल कार्ड आणि निव्वळ योगायोग यांचाही त्यात वाटा असतो.

लिव्हरपूलचे उदाहरण

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लिव्हरपूलने २०१७-१८ च्या हंगामात ३८ सामन्यांत ३८, तर पुढील हंगामात २२ गोल स्वीकारले. या सुधारणेचे श्रेय सामान्यतः जानेवारी २०१८ मध्ये साउथहॅम्प्टनकडून आलेला डच बचावपटू व्हर्जिल व्हान डाइक याला दिले जाते. त्याने २२ जानेवारी २०१८ रोजी स्वॉन्झीविरुद्ध लिव्हरपूलकडून लीगमध्ये पदार्पण केले. तोवरच्या २३ सामन्यांत संघाने २८ गोल स्वीकारले होते. उरलेल्या १५ सामन्यांत १० स्वीकारले. सरासरी सामन्यामागे १.२ वरून ०.७ च्या आसपास आली.

मात्र आधीच्या २८ गोलांपैकी १२ गोल केवळ तीन सामन्यांतील आहेत: मँचेस्टर सिटीविरुद्ध ०-५ व ४-३ आणि टॉटनहॅमविरुद्ध १-४. पैकी ०-५ च्या सामन्यात सादियो माने पूर्वार्धातच लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता. हे तीन सामने वगळल्यास उरलेल्या २० सामन्यांची सरासरी ०.८ भरते, म्हणजे फरक राहतो, पण बराच लहान होतो. शिवाय याच सुमारास गोलरक्षक म्हणून सिमॉन मिन्योलेऐवजी लोरिस कारियुस खेळू लागला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात रोमाकडून अलिसन बेकर आला. त्यामुळे २२ या आकड्यात बचावपटूचा वाटा किती आणि गोलरक्षकाचा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

२०२०-२१ चा हंगाम याहून बोलका आहे. १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात व्हान डाइक सुरुवातीलाच जखमी झाला आणि उर्वरित हंगामाला मुकला. त्याआधीच्या चार सामन्यांत लिव्हरपूलने ११ गोल स्वीकारले होते. एव्हर्टनचा सामना धरून पुढील ३४ सामन्यांत ३१. केवळ सरासरी पाहिली, तर तो नसताना बचाव सुधारला असा विपरीत निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात त्या ११ पैकी ७ गोल ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या एकाच सामन्यातील होते. त्या सामन्यात अलिसन खेळत नव्हता आणि काही फटके लिव्हरपूलच्याच खेळाडूंना लागून दिशा बदलून जाळ्यात गेले होते.

अपेक्षित गोल

अशा गफलती टाळण्यासाठी अपेक्षित गोल हे परिमाण वापरले जाते. फटक्याचे गोलपासूनचे अंतर, कोन, तो पायाने मारला की डोक्याने इत्यादी बाबींवरून प्रत्येक फटक्याला ० ते १ मधील संभाव्यता दिली जाते. पेनल्टीची संभाव्यता पाऊणच्या थोडी वर असते. प्रतिस्पर्ध्यांच्या अपेक्षित गोलांची बेरीज घटली, तर संघ कमी किंवा कमी धोकादायक संधी देत आहे असे म्हणता येते. बेरीज तेवढीच राहून प्रत्यक्ष गोल घटले असतील, तर त्याचे कारण गोलरक्षक किंवा नशीब यांत शोधावे लागते.

या परिमाणालाही मर्यादा आहेत. गोलसमोरून गेलेल्या पासला आघाडीपटूचा पाय इंचभराने लागला नाही, तर फटकाच नोंदला जात नाही आणि धोका शून्य ठरतो. आघाडी घेतलेला संघ मागे सरून दूरचे फटके मारू देतो, तेव्हा फटक्यांची संख्या वाढते, पण ते बचाव ढासळल्याचे लक्षण नसते.

टॅकलची संख्या मात्र याबाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. चेंडू बहुतांश वेळ स्वतःकडे राखणाऱ्या संघाला टॅकल करण्याची वेळच कमी येते, आणि योग्य जागी उभा असलेला बचावपटू पास रोखतो तो प्रतिस्पर्ध्याला त्या दिशेने पास देण्याचा विचार सोडायला लावून. त्याची कोठेही नोंद होत नाही.