पेल्यात पाणी का चढतं?

गैरसमज : प्रयोग दाखवला की मुलांना समजतं.

बशीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. लगेच फळ्यावर कारण येतं : हवेत सुमारे एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. कित्येक पिढ्या हेच घोकत आल्या. निरीक्षण खरं, कारण चुकीचं.

वस्तुस्थिती : डोळे पेल्याच्या काठाशी न्या. पेला टेकवताना काठाखालून बुडबुडे निसटताना दिसतील. ज्योतीने तापलेली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. म्हणून ज्योत तेवत असताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर झरझर चढतं. ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते; शिवाय ज्योत विझते तेव्हाही बराच ऑक्सिजन आत उरलेला असतो. खात्री करायची तर त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावा. पाणी आणखी वर चढतं. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता!

नुसतं पाहून समज पक्की होत नाही, हे हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि सहकाऱ्यांनी तपासलं. २००४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोग फक्त पाहणारे विद्यार्थी नंतर कारण सांगताना तो न पाहिलेल्यांच्या फारसे पुढे नव्हते. ‘काय होईल’ याचा अंदाज आधी नोंदवणाऱ्यांना मात्र जास्त उमगलं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण तिला एक पैसा लागत नाही.

पैशांवरूनच दुसरा गैरसमज येतो : प्रयोगशाळा नसेल तर प्रयोग नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. पुण्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले आणि आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून त्यांनी आकृत्या उभ्या केल्या. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो. पुलांत आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, ते मुलाच्या बोटांना कळतं.

आणि प्रकल्प म्हणजे थर्माकोलचं रंगवलेलं मॉडेल, ही समजूत तर पालकांनीच जोपासली आहे. प्रकल्पाला प्रश्न लागतो. सुतळी, दगड आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा लोलक एका सेकंदात एक आंदोलन पुरं करतो. दोन सेकंद हवे असतील तर लांबी किती? बहुतेक मुलं पन्नास म्हणतात. मोजल्यावर उत्तर येतं जवळजवळ एक मीटर. दगड जड घेतला तर काय होईल, हा पुढचा प्रश्न मुलंच काढतात.

शिक्षकांना एकच विनंती. पुढच्या वेळी काडी ओढण्याआधी दोन मिनिटं थांबा, प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्या आणि मगच मेणबत्ती पेटवा.