उसन्या नावाचे गाव

एकाच नावाची दोन गावे असली, की धाकट्याला थोरल्याच्या सावलीत राहावे लागते. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटाने हे दुखणे नेमके ओळखले. १९८४ साली कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक त्याला लाभले.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात पॅरिस नावाचे गाव खरोखरच आहे. आपल्या अस्तित्वाचा आरंभ तेथेच झाला असावा, या समजुतीने नायक ट्रॅव्हिसने तेथील एक ओसाड भूखंड टपालाने विकत घेतला आहे. त्याचे छायाचित्र तो जपून बाळगतो. ट्रॅव्हिसचे वडील पत्नीची ओळख ‘पॅरिसची मुलगी’ अशी करून देत आणि क्षणभर थांबून ‘टेक्सास’ म्हणत. ते स्वतःच खूप हसत. पुढे त्या थट्टेवर वडिलांचाच विश्वास बसला. साधीभोळी पत्नी त्यांना दिसेनाशी झाली आणि ती बिचारी संकोचून गेली.

खरेदीखताने मालकी मिळते, आपलेपणा मिळत नाही. चित्रपट त्या गावात शिरतच नाही. भूखंड रिकामाच राहतो. ट्रॅव्हिस मात्र आपल्या मुलाला ह्यूस्टन शहरी दुरावलेल्या आईच्या कुशीत पोहोचवतो आणि निघून जातो. ज्या घरात आईचे खरे गाव थट्टेत हरवले, त्या घरच्या मुलाने निदान आपल्या मुलाला त्याची आई परत दिली. गाव वसते ते असे.